दस्त्यावरचे कुंकू

आमच्या सोसायटीचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा व्यासपीठावरून एका वक्त्याने माझ्या वडिलांची आठवण काढली. ती गौरवाची होती, असे त्याचे म्हणणे. 'आबा म्हणजे सोसायटीच्या पायाचा दगड, पण शेवटी माणूसच. लांडगा समोर आला तेव्हा त्यांचा हात कापला आणि दुसरा बार राहून गेला, हे त्यांनी स्वतः मोठ्या मनाने कबूल केले होते,' असे तो बोलला आणि मंडपाने टाळ्या वाजवल्या. मी उठून उभा राहिलो. मला हाताला धरून खाली बसवण्यात आले. 'नाना, वय झालं, बसा,' असे मला सांगणारा पोरगा त्या साली जन्मलाही नव्हता. वय झाले हे मान्य आहे. परंतु त्या सकाळी छावणीत उभा असलेला आणि आज हयात असलेला माणूस मी एकटाच आहे, हेही मान्य व्हावे. मंडपात बोलू दिले नाही, म्हणून इथे लिहितो. ज्यांना टाळ्या वाजवायच्या आहेत त्यांनी हे वाचून वाजवाव्यात.

दुष्काळाविषयी आता बरेच लिहिले जाते, आणि लिहिणारे बहुधा जमिनीच्या भेगांपासून सुरुवात करतात. आमच्या घरात दुष्काळ आधी कानाला कळला. विहिरीवर ऑइल इंजिन होते. पहाटे आबा हँडल मारून ते सुरू करीत, त्याची भकभक घरापर्यंत येई, आणि त्या तालावर माय जात्याला हात घाली. विहिरीने तळ दाखवला आणि इंजिन मुके झाले. त्यानंतर कित्येक दिवस माय जात्यापाशी येऊन नुसतीच बसायची, जणू कुणी खूण करील म्हणून वाट पाहायची, आणि मग भानावर येऊन दळायला घ्यायची. दळायला तरी काय होते? सरकारी दुकानातली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी विटकरीच्या रंगाची, आणि घशाखाली उतरताना विटकरीसारखीच. सकाळी हुलग्याचे माडगे, दुपारी तरोट्याचा पाला, आणि रात्री ती भाकरी. घरात एकच गोष्ट चवीची उरली होती, ती म्हणजे जवसाची चटणी. आदल्या हंगामातले जवस माळ्यावर एका घागरीत होते. माय ते खरपूस भाजून, लसूण-मिरची घालून उखळात कुटायची, आणि आबा पहिला घास मोडण्याआधी ताटात डावीकडे पाहायचे. चटणी दिसली नाही तर बोलायचे काही नाहीत. हात तसाच थांबायचा. माझ्या आठवणीतले त्यांचे हट्ट मोजके, त्यांतला हा एक.

मी अंबाजोगाईला कॉलेजात होतो, तो त्या वर्षी घरी परत आलो. बंद इंजिन गंजू नये म्हणून मी ते पुनःपुन्हा खोलायचो, पुसायचो, पुन्हा जुळवायचो. आबा मात्र सोसायटीच्या छावणीवर असत. आमच्या ओढ्याकाठच्या माळावर सोसायटीने गुरांची छावणी उभारली, ती आबांच्या खटपटीने. जागा आमची, वाहतुकीची बैलगाडी आमची, आणि गावोगावच्या दावणी कुठे बांधायच्या यावरच्या भांडणांचा निवाडाही आमच्याच ओसरीवर. सोसायटीचे चेअरमन भगवंतराव होते. ते आणि आबा एका पाटीवर शिकलेले, एकत्र सोसायटी काढलेली. पण छावणीवर लोक आधी आबांना रामराम घालू लागले, आणि तिथून भगवंतरावांच्या मनात काय शिजू लागले ते मी सांगायला नको. त्यांचे पुतणे अजून सोसायटीत आहेत. त्यांनी माझे खोडून काढावे.

राखणीला सोपान होता. दर वर्षी दसरा झाला की त्याचे भाऊबंद ऊसतोडीला कारखान्यांकडे निघत, सोपानही बायको गयाबरोबर जाई. त्या साली आबांनी त्याला अडवले. 'औंदा कारखान्याला नगं जाऊ, छावणी राख. तुझ्यावानी माणूस मला घावायचा न्हाई,' असे म्हणाले आणि तो राहिला. गया दुपारी आमच्याकडे येई. माय आणि ती मिलोतले खडे निवडीत बसत. दोघी एकाच गावच्या लेकी, तेव्हा गप्पांना अंत नसे.

आता रायफलीविषयी. तीनशे पंधरा बोअरची, दर बारानंतर हाताने बोल्ट मागे ओढून रिकामे काडतूस काढायची रायफल, परवाना आबांच्या नावाचा. धान्याच्या खोलीच्या दारावर दोन खुंट्यांवर ती आडवी असायची. उन्हाळ्यात तिच्या बोल्टातली कमान ढिली पडली, म्हणून आबांनी चौसाळ्याच्या ख्वाजा मिस्त्रीकडून नवी घालून आणली. शिवणयंत्र, कुलूप, बंदूक, जे येईल ते ख्वाजा नीट करी. आमच्या समोर त्याने दुकानामागे रिकामे काडतूस घालून काढून दाखवले. बोल्ट ओढताच ते टुणकन बाहेर उडाले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ख्वाजाने रायफल बिघडवली असे सांगणाऱ्यांतला एकही तिथे नव्हता.

मग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी घरातले एकूण एक हत्यार धुऊन पुसून पाटावर मांडायचे: विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, आजोबांची तलवार, इंजिनाचे पाने आणि मधोमध रायफल. पूजा बायकांनी करायची. दर वर्षी माय रायफलीला कुंकवाचे एक बोट लावी. त्या साली आभाळ कोरडे गेलेले, छावणीभोवती लांडग्यांच्या खुणा दिसू लागलेल्या, नवरा दिवसरात्र माळावर. मायच्या मनाला एका बोटाने समाधान होईना. मारुतीला चढवतात तसा तिने शेंदूर कालवला आणि रायफलीला लेप दिला. नळीच्या तोंडाला, घोड्याला, आणि बोल्ट उघडून त्याच्या तोंडालाही, 'गोळी सुटती तिथं देव बसू दे' म्हणून. शेंदूर तेलात कालवायचा. नेहमी आमच्याकडे करडईचे तेल असे. करडई त्या साली उगवलीच नव्हती. माळ्यावर जवस होते, त्यातले थोडे घाण्यावरून काढून आणलेले तेल होते. तिने तेच घेतले. मी शेजारी उभा राहून पाने पुसत होतो, आणि मला त्यात काहीच वावगे दिसले नाही. दसऱ्याला आबांनी वरवर फडके फिरवून रायफल खांद्याला लावली आणि ते छावणीवर गेले.

थंडी पडू लागली होती. सकाळी गुरांपुढे कडबा टाकण्याची वेळ. मी पेंढ्या उतरवीत होतो, आबा दावणीच्या टोकाला, सोपान कोरड्या ओढ्याच्या बाजूला. लांडगा ओढ्यातून आला. काही लोक ते तरस होते म्हणतात. त्यांनी दोन्ही जनावरे पाहिलेली नाहीत. लांडगाच होता, आणि पिसाळलेला. लांडगा माणसाच्या चाहुलीने वळतो. हा वळला नाही. मान खाली, तोंडाला फेस, सरळ चालत आला. कुत्री भुंकायची थांबली. 'सोपाना, बाजूला हो!' आबा ओरडले आणि त्यांनी बार टाकला. गोळी त्याच्या मागच्या पायाला लागली. तो गर्रकन फिरला आणि जवळच्या माणसावर, सोपानवर गेला. आबांनी बोल्ट ओढला. बोल्ट रिकामा मागे आला. डागलेले काडतूस नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या कोठीतच अडकून राहिले होते, आणि ते निघाल्याशिवाय दुसरे आत जात नव्हते. त्यांनी बोल्ट ढकलला, ओढला, पुन्हा ढकलला. मी त्यांच्यापासून हाकेच्याही आत होतो. मी त्यांचे हात पाहिले. त्या हातांना कापरे नव्हते.

यापुढचे मंडपातल्या वक्त्याने सांगितले नाही, म्हणून मी सांगतो. आबांनी रायफल नळीला धरून उलटी केली, धावत गेले, आणि सोपानच्या अंगावर चढलेल्या त्या लांडग्याच्या मस्तकात दस्ता घातला. लांडगा मरेपर्यंत घालत राहिले. दस्त्याला टाचेपाशी त्या दिवशी चीर गेली. ती आजही आहे, कोणीही येऊन बोट घालून पाहावी. भ्यालेला माणूस पिसाळलेल्या लांडग्यावर धावून जातो, हे ज्याला पटते त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

सोपानचा गाल आणि हात फाटले होते. त्याला जीपने बीडच्या दवाखान्यात नेले, पोटात सुया सुरू झाल्या, जखमा भरतही आल्या. आबा रोज म्हणायचे, 'वाचला.' वाचला नाही. चावा डोक्याच्या जवळचा होता. ज्या साली सगळा मुलूख पाण्यासाठी जीव टाकत होता, त्या साली सोपान पाण्याचा तांब्या पाहून भिंतीकडे सरकू लागला. गया तांब्या पदराआड लपवून त्याच्याजवळ बसायची. याहून अधिक मी लिहिणार नाही. तो गेला, आणि रायफल पुन्हा खुंट्यांवर चढली. आबांनी तिला हात लावला नाही. ते जेवायला बसत, चटणीकडे पाहत, आणि उठत.

मला ते सोसेना; त्यात पारावर कोणी आबांचा हात कापला म्हणू लागले, कोणी ख्वाजाला दोष देऊ लागले. एका दुपारी मी रायफल काढली आणि इंजिनाच्या खोलीत नेली. अडकलेले काडतूस अजून आतच होते. नळीच्या तोंडातून गज घालून हलक्या हाताने ठोकले, तेव्हा ते सुटून मागे पडले. त्याच्या बुडाची कड शाबूत होती, म्हणजे काडतुसाचा दोष नव्हता. मग मी बोल्ट काढून उजेडात धरला. बोल्टाच्या तोंडाशी एक पोलादी नखी असते. तिच्या खाचेत काडतुसाची कड बसते, आणि बोल्ट मागे ओढला की ती रिकामे काडतूस उपसून काढते. नखी तुटलेली नव्हती, झिजलेली नव्हती, ख्वाजाची कमान खणखणीत होती. पण नखीच्या आतल्या खाचेत काहीतरी लाल, काचेसारखे घट्ट भरले होते. कड धरायला तिथे जागाच नव्हती. मी नखाने टोकरले, नख वाकले. सुतार लाकडाला जवसाचे तेल पाजतात ते वाळून कसे कातडे धरते हे मला ठाऊक होते. शेंदूर आणि जवसाचे तेल मिळून तर खिडकीच्या काचा बसवायची लांबीच तयार होते. कोठीतही तोच चिकटा बसला होता.

दारात सावली पडली. आबा उभे होते.

"काय करतूयास?"

"नखी बघा, आबा."

त्यांनी बोल्ट घेतला, डोळ्यांशी धरला, मग नाकाशी.

"जवस," ते म्हणाले.

"तुमचा हात न्हाई आन् ख्वाजाचा बी न्हाई. आत्ता ह्यो बोल्ट आसाच घेऊन जातो आन् चेअरमनच्या नाकाखाली धरतो. पारावर बसून लई बोलत्यात ना, बघू द्या डोळं फाडून!"

"आन् त्यांनी इचारलं, शेंदूर कुणी भरला, मंग?"

घरातून सुपाचा आवाज येत होता. माय पाखडत होती आणि गया तिच्याजवळ बसली होती. मधेच गयाचा हुंदका, मधेच मायचे 'खा गं, दोन घास खा.'

"ती पोरगी रोज तुझ्या मायच्या मांडीवर डोकं ठिऊन रडती," आबा म्हणाले. "तुझ्या मायला हे कळलं, तर ती कोण्या तोंडानं तिला जवळ घील? का गयेला कळलं, तर ती कुठं जाईल रडाया?"

"पण गाव तुमाला भित्रा म्हणतंय."

"म्हणू दे. रॉकेल हाय का?"

"हाय."

"मंग घास."

मी घासले. बोल्ट रॉकेलमध्ये भिजत ठेवला, बाभळीची काडी टोकदार करून खाचेतला शेंदूर कणाकणाने उकरला. लोखंडी टोच्या वापरला असता तर नखीची धार गेली असती. गजाला चिंधी बांधून कोठी पुसली, ती लाल निघाली, दुसरी गुलाबी, तिसरी पांढरी. मग तेच रिकामे काडतूस घालून बोल्ट ओढला. ते उडाले आणि इंजिनाच्या ओट्यावर खणखणत गेले. आबांनी ते उचलून खिशात घातले आणि ते निघून गेले. चिंध्या मी तिथेच कोपऱ्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्या धुऊन कुंपणावर वाळत घातलेल्या. मला थोडे नवल वाटले, कारण हंडाभर पाण्यासाठी कोस चालणाऱ्या घरात तेलकट चिंध्या कोण धुतो? पण तेव्हा माझे डोके दुसरीकडे होते.

सोपानचे भाऊ कारखान्यावरून परतले होते. दिवसपाणी झाले आणि मारुतीच्या पारावर माणसे जमली. थोरला भाऊ डोळे तांबारून बसला होता. भगवंतरावांनी चंची सोडली, पान जुळवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलले, "आबा, एक डाव सांगून टाका. ख्वाज्यानं बंदूक बिघडून दिलती का तुमचा हात कापला? दोन्हीतलं एक तर आसंल."

"ख्वाज्यानंच बिघडवली आसंल बे," मागून कुणीतरी म्हणाले.

सोपानचा भाऊ उठला. त्याच्या हातात ऊस तोडायचा कोयता होता. "तसं आसंल तर सांगा आबा. आत्ताच चौसाळ्याला जातो. परत येईन न येईन."

सगळे आबांकडे पाहू लागले. मीही पाहत होतो. तिसरे उत्तर त्यांच्याजवळ होते, माझ्याजवळ होते, आणि ते पारावर ठेवले असते तर त्यांची मान ताठ राहिली असती. आबांनी मुंडासे काढून मांडीवर ठेवले. तसे करताना मी त्यांना आधी किंवा नंतर कधीही पाहिले नाही.

"ख्वाजाचा काही दोष न्हाई," ते म्हणाले. "बंदूक नीट हाय. माझा हात कापला."

सोपानच्या भावाने कोयता खाली घातला आणि तो रडू लागला. भगवंतरावांनी पान तोंडात टाकले. त्या महिन्यात छावणीचा कारभार आबांकडून काढून घेण्यात आला, आणि पुढे सोसायटीच्या कोणत्याही निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत. त्यांनी स्वतः कबूल केले, असे आज व्यासपीठावरून सांगतात. केले. ते वाक्य मीही ऐकले आहे. फक्त ते वाक्य उच्चारण्याआधी माणसाने तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय पाहिले होते, ते टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नाही.

पुढच्या साली पाऊस झाला. करडई फुलली, इंजिन भकभकू लागले. खंडेनवमीला माय ताट घेऊन आली, तेव्हा आबा आधीच पाटाजवळ बसले होते. मायने कुंकवात बोट बुडवले आणि ते रायफलीच्या नळीकडे नेले.

"लोखंडाला नगं," आबा म्हणाले. "दस्त्याला लाव."

"कावून?"

"लांडगं मारलं ते दस्त्यानं. मान त्याचा हाय."

मायने त्यांच्याकडे पाहिले, मग दस्त्यावरच्या चिरेकडे. बोट वळवून तिने चिरेच्या वर, लाकडावर, कुंकू लावले. पुन्हा कधी विचारले नाही. तेव्हापासून आमच्या घरात हत्याराच्या लोखंडाला कुंकू लागत नाही. लागते ते विळ्याच्या मुठीला, कुऱ्हाडीच्या दांड्याला; पान्याला तर मूठच नसते म्हणून त्याच्याखालच्या पाटाला. गेल्या खंडेनवमीला नातसुनेने मला विचारले, "नाना, आपल्यातच असं का?" मी म्हणालो, "रीत आहे." ती हे वाचील तेव्हा तिला कळेल. माय, आबा, गया, ख्वाजा यांपैकी आता कोणी नाही. ज्याच्यासाठी गप्प राहावे असे माणूस उरलेले नाही, म्हणून मी बोललो.

एवढेच सांगून थांबणार होतो; पण एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही, आणि तिच्याविषयी माझा वाद कोणाशीच नाही. पाऊस झाल्यावर शेजारपाजारच्या रानांत जवस उभे राहिले. आमच्या रानात मायने पेरू दिले नाहीत. माळ्यावरची घागर एके दिवशी पालथी, धुतलेली दिसली. ती चटणी आमच्या घरात पुन्हा कधी झाली नाही, तेलही आले नाही. तिला कोणी काही सांगितल्याचे मला ठाऊक नाही; सांगण्यासारखे दोघेच होतो, आणि आम्ही दोघांनी सांगितले नव्हते. कुंपणावर वाळत घातलेल्या त्या चिंध्या मात्र मला आता आठवतात. आबा मरेपर्यंत रोज जेवायला बसले. भाकरीवर एकदा हात ठेवायचे आणि पहिला घास मोडायचे. ताटात डावीकडे त्यांनी पुन्हा कधी पाहिले नाही.